चमच्याची हाक

टिंग. टिंग टिंग.

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला आणि पडदे ओढून घेतलेली दुपार मधोमध तडकली. डोळे उघडायच्या आधीच ती उभी होती. पाय चपला शोधत होते, हात अंगावर नसलेल्या युनिफॉर्मच्या खिशाकडे गेला होता.

"आले मास्तर, आले."

"मी मास्तर नाही," खालून आवाज आला. "मी आहे."

पलंगाच्या पायथ्याशी तिची लेक उभी होती. एका हातात पेला, दुसऱ्या हातात चमचा. आजीनं तिचं नाव टिचकी ठेवलं होतं. एवढीशी, पण लागते बरोबर, म्हणून.

ओले हात पुसत आजी दारात आली. आजी म्हणजे तिची सासू. लेक झाल्यापासून घरात सगळे तिला आजीच म्हणत, सूनसुद्धा.

"उठवलंस ना शेवटी! रात्रभर जागून आलीये ती. डोळ्याला डोळा लागतोय तोवर वाजली हिची घंटा."

"मी आधी हाक मारली होती," टिचकी म्हणाली.

"मारली होती गं बाई." आजी सुनेकडे न बघता चादर सारखी करू लागली. "चांगली कानाशी जाऊन. आई, आई, आई. तू कूससुद्धा बदलली नाहीस. मी म्हटलं, कुंभकर्णाची थोरली बहीण दिसतेय आपल्या घरात."

ती पलंगाच्या काठावर बसली. हे ऐकून पोटात काहीतरी हलायला हवं होतं. तिनं थोडी वाट पाहिली. बधिर केलेल्या हिरडीवरून जीभ फिरावी, तसं झालं. काहीतरी आहे एवढं कळलं, दुखलं काहीच नाही.

चमचा या घरात तिनंच आणला होता, गोष्ट सांगता सांगता. हॉस्पिटलात, तिच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे मास्तर होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेला, आणि नेमकी त्यांच्याच खाटेची घंटा बिघडलेली. मग ते पेल्यावर चमचा वाजवत. साऱ्या वॉर्डाचं घोरणं एकीकडे आणि तो केसाएवढा आवाज एकीकडे, पण तिला तो बरोबर ऐकू यायचा. तिनं घरी कौतुकानं सांगितलं, आणि टिचकीनं ते ध्यानात ठेवलं.

आज पहाटे मास्तर गेले. तिनं त्यांना पुसलं, केस विंचरले, हात सरळ केले. पेला आणि चमचा बाकीच्या सामानासोबत पिशवीत घालून त्यांच्या मुलाच्या हाती दिले. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग चहा घेतला. चहात साखर कमी आहे हे तिच्या लक्षात आलं. एवढंच लक्षात आलं.

निघताना इन्चार्ज सिस्टरनं तिला थांबवलं होतं. या सिस्टरला पाठीमागे सगळ्या तोफ म्हणत. नव्या मुलींना आधी रात्रपाळी करावी लागे, ती करून झाली की तोफ एकदाच विचारायची.

"आज संध्याकाळपर्यंत सांग. दिवस की रात्र? एकदा लागलीस की वर्षभर बदल नाही. घरी बोल, आणि मला 'बघते' ऐकवू नकोस."

घरी बोलायचं म्हणजे कोणाशी? सकाळी ती दारातून आत येत होती आणि नवरा बाहेर पडत होता. "तुला जमेल ते कर," तो म्हणाला. त्याचा सुंठीवाचून खोकला गेला. राहिली आजी.

"रात्रीचीच घे," आजी आता म्हणाली. चादर सारखी करून झाली तरी तिचे हात फिरतच होते. "दिवसा निदान घरात असतेस."

"झोपलेली असते."

"असू दे की. तिला दिसतेस तरी. खेळता खेळता दाराच्या फटीतून बघून जाते तुला, आहेस का म्हणून. आणि माझं म्हणशील, तर दिवसभर हिच्यामागे एकटीनं पळायचं म्हणजे... करेन मी, नाही कशाला म्हणू? पण घरात नर्स असून गुडघ्यांना तेल मी माझं मीच चोळते, ते विसरू नकोस."

ती हसली. तोंड हसलं, एवढंच.

टिचकी पेल्यात चमचा गरागरा फिरवत होती. त्या आवाजासरशी मघापासून आईच्या पावलांना उठावंसं वाटत होतं. पावलांनाच.

"दिवसाची घेते," ती म्हणाली.

आजीचे हात थांबले. "का गं?"

"ती हाक मारते, आणि मला ऐकू येत नाही."

"एवढंच ना? तो पेला टाकते माळ्यावर. म्हणजे तुझी तू झोपशील शांत."

"पेल्याचं नाही, आजी. पेला ऐकू येतोच आहे."

आजी पलंगावर टेकली. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "बरं. या गुडघ्यांना सांगते मी, सुट्टी रद्द म्हणून," म्हणाली, आणि आत गेली.

तिनं फोन लावला.

"बोल," तोफेचा आवाज.

"सिस्टर, दिवसाची."

"नक्की? सूर्य उगवायच्या आत यायचं, अंधार पडल्यावर सुटायचं. नंतर माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

"नाही आणणार."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग, जरा खालच्या पट्टीत, "तुझ्या हातून गेलेले मास्तर पहिलेच ना?"

"हो."

"रडलीस?"

"नाही."

"रडून घे केव्हातरी. साठलेलं पाणी नासतं बाई." आणि लगेच, "उद्या केस घट्ट बांधून ये. कालच्यासारखं झिपरं ध्यान नको मला."

फोन ठेवून तिनं टिचकीला मांडीवर घेतलं. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. आजीनं न्हाऊ घातलं असणार, आई झोपलेली असताना.

"उद्यापासून आई रात्री घरी," ती म्हणाली. वॉर्डात पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती देताना लागतो, तसाच तिचा आवाज लागला होता. "तुझ्या शेजारी झोपणार. रोज."

"कधी येणार?"

"अंधार पडला की निघेन. मग बस. घरी येईपर्यंत तू झोपलेली असशील."

"मग सकाळी खेळायचं?"

"सकाळी लवकर जावं लागेल. तू उठायच्या आधी."

टिचकीनं चमचा पेल्यात ठेवला, आवाज होणार नाही इतक्या अलगद. वर मान करून तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग मला कसं कळणार, तू आली होतीस ते?"