कळंबाचा डहाळा

अमृत आला तो वैशाखाच्या दुपारी. विंझरला एसटीतून उतरला आणि वाडीपर्यंत चालत आला. खांद्याला एक पिशवी, अंगात धुऊन धुऊन विरलेला सदरा. रतनबाई अंगणात कुरडया उलटत होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं आणि मग माणसाकडे. चौदा वर्षांनी राहायला येणाऱ्याची पिशवी एवढीशी कशी?

"बरी हायेस ना धाकले आई?"

"बरी हाय. हात-पाय धू."

धाकली आईच ती. थोरली, म्हणजे अमृतची जन्मदाती, पोर सहा वर्षांचं असताना गेली. रतनबाई आली, तिला हनुमंत झाला, आणि एक दिवस तिने नवऱ्यापाशी हट्ट धरला की वरचं शेत माझ्या लेकाच्या नावावर करा. नवरा चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी अमृतने, तेव्हा तो वीस वर्षांचा, बापाच्या शब्दाखातर हक्कसोडीच्या कागदावर सही केली आणि भोसरीची वाट धरली. त्यानंतर बाप वारला तेव्हा तेवढा आला आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून गेला.

वाडीने तेव्हाच रतनबाईचं नाव बदललं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाणवठ्यावर ती पोचली की बायांच्या ओव्या मध्येच थांबत. एकदा तिने कुंपणाआडून ऐकलं होतं:

*राम निघाले वनाला, चूल विझली म्हालाची*
*कैकयीच्या ग दारी, कुनी रांगोळी काढायाची*

राम-सीता वनवासात याच डोंगरावर एक रात्र टेकले, असं वाडी मानते. वर रानात झरा आहे, त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. रतनबाई कधी तिकडे फिरकली नव्हती. तिला वाटायचं, रामाची चौदा वर्षांची पावलं सगळ्यांनी मोजली. कैकयी तेवढी वर्षं कोणत्या कुशीवर निजली, हे कुणी पुसलं का?

आता हनुमंतचं लग्न निघालं होतं, शिवऱ्याच्या नूतनशी. बाप नाही, तेव्हा देवकाचा डहाळा थोरल्या लेकानेच आणायचा, ही घराण्याची रीत. म्हणून हनुमंतने फोन करून दादाला बोलावलं होतं. आईला नंतर सांगितलं.

"देवकापुरता येतोय गं आये."

"देवकापुरता कोन येतं रं चौदा वर्सांनी?" रतनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अमृत वरच्या शेताकडे गेला. तिसऱ्या दिवशीही. रतनबाई परसातून बघत राही. तो बांधाबांधाने चाले, थांबे, मोबाईल समोर धरी, पुन्हा चाले. आजकाल मोबाईलनेच जमीन मोजतात म्हणे. पानशेतकडे असेच मोबाईल घेऊन लोक फिरले आणि वर्षभरात तिथे बंगले उभे राहिले.

भाकरी वाढताना तिने विचारलं, "वर काय करतोस रं?"

"बघतोय, काय उरलंय."

"काय उरायचंय? हाय ते हनुमंताचं हाय."

"व्हय की," तो म्हणाला आणि ठेच्याकडे हात नेला. "ठेचा अजून तसाच करतेस. डोळ्यातनं पानी काढणारा."

हे गोड बोलणंच तिला खुपलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या सकाळी ती गवताचा भारा आणायच्या निमित्ताने मागोमाग गेली. करवंदीच्या जाळीआड उभी राहिली. अमृत फोनवर बोलत होता.

"अय्युबचाचा, फोटो मिळाला का? बगा नीट... घरात न्हाई बोललो. पन लग्नाआदी व्हायला पायजे... सांजच्याला करा फोन."

रतनबाई जाळीत आणखी आत सरकली. अय्युबचाचा म्हणजे भोरचा लाकडाच्या वखारीवाला. आणि ती जाळी वरच्या शेताच्या अशा कोपऱ्यात होती, जिथे पूर्वी कळंब उभा होता.

कळंब हे त्यांच्या घराण्याचं देवक. देवकाच्या झाडाला आपल्या हाताने कुऱ्हाड लावायची नाही; लावली तर कुळावर घाव, असं मानतात. पण त्या झाडाखाली थोरलीच्या नावाचा दगड होता. सगळी वाडी त्याला थोरलीचा कळंबच म्हणे. अमृत गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, नवरा आणि पोर पाव्हण्यांकडे गेले असता, तिने अय्युबचा टेम्पो बोलावला. करवत चालली. दगड ओढ्यात गेला. मग तिने बुंधा जाळला आणि वाडीला सांगितलं, वाऱ्यानं पडला. त्या कोपऱ्यात एरवी जातं कोण?

आता तिला सगळं लख्ख दिसलं. अमृतच्या हाती हत्यार आलं होतं. भर मांडवात, शिवऱ्याच्या पाव्हण्यांपुढे तो म्हणणार की बाईनं देवक तोडलं. पाव्हणे उठून जातील, नाहीतर तिला शेत सोडावं लागेल. तिने जाळीतून पाहिलं. अमृत खाली बसला होता आणि काळ्या पडलेल्या बुंध्यावरून हात फिरवत होता. कापाची सपाट कड अजून बोटांना लागत असणार.

मग तो उठला आणि घराकडे न येता डोंगराकडे चढत गेला.

हळदीचा दिवस उजाडला. ओट्यावर जातं मांडलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली. सुवासिनी हळद दळायला बसल्या. विधवेने जात्याला हात लावायचा नाही, म्हणून रतनबाई भिंतीशी बसली. गळ्याला मात्र बंदी नव्हती. शेजारची म्हातारी धोंडाबाई ओव्या सांगत होती. अमृत पहाटेच निघाला होता, अजून पत्ता नव्हता.

"कळंब तर वाऱ्यानं पडला," एक बाई म्हणाली. "डहाळा आनायचा कुठनं?"

"आनंल की," धोंडाबाई म्हणाली. "रानातली वाट वनवासवाल्याला कुनी शिकवाया नगं."

बाया हसल्या. रतनबाई हसली नाही.

तेवढ्यात अमृत अंगणात आला. हातात पानांनी भरलेला कळंबाचा डहाळा, बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. पोटऱ्यांवर ओरखडे. जातं थांबलं.

"कुठला रं ह्यो?" धोंडाबाईने विचारलं.

रतनबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. आता बोलेल.

"आपल्याच बांधावरचा," अमृत म्हणाला. "वाऱ्यानं पडला, पन बुडाला फुटवा आलाय. ह्या खेपंपुरता घावला."

असं म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बुडाला फुटवा येणं शक्य नव्हतं. बुंधा तिने दोन दिवस धुमसत ठेवला होता. तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. वरच्या शेताची माती काळी आणि त्याच्या घोट्यांपर्यंत तांबडा चिखल. वैशाखात ओला तांबडा चिखल साऱ्या डोंगरात एकाच जागी, सीतेच्या न्हाणीपाशी. जाऊन-येऊन सहा तासांची चढ-उतार. तिथे कळंब आहे, हे जुन्या लाकूडवाल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? म्हणजे अय्युबला बुंध्याचा फोटो धाडून त्याने दुसरा कळंब कुठे आहे, एवढंच विचारलं होतं.

हनुमंत धावत आला. "दादा, तुजी वाटच बघत होतो."

"घे. पानी शिंपडून ठेव."

तरीही रतनबाईच्या मनातला संशय एकदम विझेना. राम परत आला तेव्हा म्हणे पहिला कैकयीच्या पाया पडला. ती पाय मागे घेत असणार, रतनबाईला वाटलं. वाकलेल्या माणसाचा दुसरा हात कुठे आहे, ते बघत असणार. तिनेही पाहिलं. अमृतचे दोन्ही हात रिकामे होते. एका हाताने तो खांबाला धरून उभा होता आणि दुसऱ्याने तळव्यातला काटा चाचपत होता.

जातं पुन्हा फिरू लागलं. नवरदेवाच्या भावाची ओवी आली तशी बाया घुटमळल्या. धोंडाबाई रतनबाईकडे बघत राहिली. भिंतीपासचा आवाज आधी खरखरला, मग सुटला:

*मांडवाच्या ग दारी, कोन उभा थोरला*
*अमृत माजा लेक, डहाळा घेऊन आला*

ओवी संपली. रतनबाईने पदराची पिन काढली आणि खांबापाशी जाऊन त्याच्यापुढे धरली.

"काटा तसाच नगं ठेवू. पिकंल."

मग इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "दगड ओढ्यात हाय. हळद झाली की दावते."