आयव्हलीच्या घरचं पातेलं

शुक्रवारी बाराच्या सुमारास राजधानी मानाग्वाचा एक गृहस्थ डेल्विना डाउन्सच्या खाणावळीत आला आणि त्याने रनडाउन मागितलं. प्रवाशांनी कुठे जेवावं याचं पुस्तक तो लिहीत होता. कॉर्न आयलंड बेटाच्या दक्षिण टोकासाठी त्यात एकाच खाणावळीला जागा होती.

रनडाउन सकाळी सांगावं लागतं. नारळ खवायचा, दूध काढायचं, त्यात कसावा, विलायती फणस आणि शेवटी मासा शिजवायचा. बेटावर कुणी ते आयत्या वेळी मागत नाही. डेल्विनाकडे फक्त तळलेला मासा होता.

शेजारच्या खाडीवर तिची भावजय आयव्हली खाणावळ चालवायची. गेल्या वर्षी एका वर्तमानपत्राने आयव्हलीवर चार ओळी छापल्या होत्या. डेल्विनाला त्या पाठ होत्या. काल बेटावर एकही पाहुणा उतरला नव्हता, म्हणजे आज रनडाउन कुणी सांगितलेलं नसणार आणि आयव्हलीची चूलही थंडच असणार.

"आयव्हलीकडे जा," डेल्विना गोड आवाजात म्हणाली. "ती रोजच करते. नसलंच तर परत या, उद्या मी करून घालीन."

माणूस गेला. डेल्विनाने नारळ काढून ठेवले आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. दोन वाजले, तीन वाजले. तो परतला नाही.

चारला तिचा भाऊ, आयव्हलीचा नवरा ऑर्विन आला. शेवंड पकडायच्या होडीवरून बारा दिवसांनी उतरलेला.

"ताई, काही खायला दे गं. पोटात कावळे ओरडतायत."

"तू तर उद्या येणार होतास ना? आणि बायकोने उपाशी ठेवलं?"

"होडी लवकर फिरली. रेडिओवर कळवलं, तर बिचारीने पहाटेपासून माझ्यासाठी रनडाउन लावलं. मी पोचतो तर तो शहरी बाबा पातेलं चाटून बसलेला! मला पाव दिला."

"दुसऱ्याला वाढलंच कसं तिने? नवऱ्याचं जेवण!"

"तू पाठवलेला माणूस. उपाशी परत लावला असता तर तुझी मान खाली गेली असती, म्हणाली."

डेल्विनाने मासा ताटात जरा जोरातच टाकला.

"बरं, तुझंही नाव येणार हं पुस्तकात," ऑर्विन काटा काढत म्हणाला.

"माझं? ते कसं?"

"त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं: 'शेजारची खाणावळवाली मिस डेल्विनासुद्धा पाहुण्यांना इथेच पाठवते.'"

डेल्विनाने काढून ठेवलेले नारळ परत कोपऱ्यात ढकलले. ऑर्विन बोटं चाटत होता.

"मासा कसा झालाय?" तिने विचारलं.

"चांगला आहे."

"तिच्यापेक्षा?"

"ताई, मला भूक लागलीय," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं. "अजून एक वाढ."