पहाटेचं पहिलं पाणी

मी एक जुनी बाटली आहे. थांबा, लगेच नाक मुरडू नका! मी तेलाची नाही की सरबताची नाही. विद्यापीठाच्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतली नमुन्याची बाटली आहे मी. पांढरं जाड प्लास्टिक, पोटात बरोबर एक लिटर पाणी मावतं आणि अंगावर काळ्या शाईत सतरा हा आकडा. दिसायला मी काही खास नाही, पण मित्रांनो, माझी हकीकत ऐकलीत तर तुम्ही मला 'रिकामी बाटली' म्हणून हिणवणार नाही.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही शेकडो बहिणी बाहेर पडलो. काही जणी केसांच्या तेलासाठी गेल्या, त्यांच्या अंगावर रंगीत चित्रं चिकटली. माझ्या वाट्याला आलं साधं खोकं आणि वर गवताचा भुसा. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यात प्रयोगशाळेत पाय ठेवते न ठेवते तोच तिथल्या काकांनी मला उचललं आणि सरळ ॲसिडच्या टबात बुडवलं. काका म्हणजे तिथले जुने परिचर. बाटल्या धुणं, पुसणं, मोजणं हे त्यांचं काम, आणि ते त्यात कुणाचं ऐकत नसत. दिवसभर ॲसिड, मग शुद्ध पाण्यानं तीनदा अंघोळ. बाई गं, वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये! पण शेवटी त्यांनी मला उजेडात धरलं आणि म्हणाले, "आता हिच्यात काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. म्हणून तर ही कामाची." त्या दिवसापासून मी ताठ मानेनं उभी राहायला शिकले.

मग काय विचारता! नद्या पाहिल्या, तळी पाहिली, कारखान्यांची गटारं नाक दाबून पाहिली. एका शाळेच्या टाकीत तर चक्क कबुतराचं पीस निघालं! माझ्या जिवावर तिघं जण डॉक्टरेट मिळवून गेले. प्रबंधात आभार कुणाचे? मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे आणि एकानं तर चक्क आपल्या मांजराचे! बाटल्यांचं नाव कुणी घेतलं नाही. असो. मी मनावर घेत नाही. म्हणजे, थोडं घेते.

आमच्या विभागप्रमुख मॅडम मात्र निराळ्या. आवाज हळू, चाल भराभर. विभागप्रमुख झाल्या तरी चिखलात उतरून स्वतः नमुना भरायच्या. त्यांच्या हाताखाली एक संशोधक विद्यार्थी होता. हुशार, कष्टाळू, पण नियमांचा इतका पक्का की सगळे त्याला नियमबुवा म्हणत. भिंतीवर टांगलेली नियमांची पाटी त्याला तोंडपाठ होती. पहिला नियम असा: नळ उघडा, तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. म्हणजे नळीत साचलेलं शिळं पाणी निघून जातं आणि मूळ टाकीतलं खरं पाणी हाती येतं. नियमबुवा खिशात स्टॉपवॉच ठेवायचा. दोन मिनिटं एकोणसाठ सेकंदांनाही तो बाटली पुढे करत नसे. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

एके दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात कपडे मोजायची टेप तशीच राहिली होती. त्या कपडे शिवायचं काम करत, म्हणून आम्ही त्यांना शिवणवाल्या ताई म्हणू लागलो. बरोबर त्यांची सहा वर्षांची मुलगी होती. तिला घरात बारकी म्हणत. खरंच बारकीच होती ती. चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली सावल्या, एक हात सारखा पोटावर.

"मॅडम, हिचं पोट दुखतं, अंगात रक्त नाही," ताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी सगळी मुळाक्षरं म्हणायची, आता अर्ध्यावर अडते. आमच्या इमारतीत आणखी तीन पोरं अशीच आहेत. डॉक्टर म्हणतात, नीट जेवत नसेल. अहो, मी रोज समोर बसून भरवते हो! पाण्यातच काहीतरी आहे. वास नाही, रंग नाही, पण आहे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही बघा."

मॅडमनी बारकीला जवळ घेऊन मुळाक्षरं म्हणायला सांगितली. ती 'ज' वर थांबली आणि आईकडे पाहू लागली. दुसऱ्याच दिवशी आमची फौज निघाली.

जुन्या छापखान्याच्या कामगारांची ती चार मजली इमारत होती. वीस घरं. आम्ही बाटल्या एकवीस, कारण एक जास्तीची लागते, आणि ती मी होते. नियमबुवानं घरोघरी नळ सोडला, स्टॉपवॉच दाबलं, तीन मिनिटं मोजली. शिवणवाल्या ताई धावत बादली घेऊन आल्या. "अहो, वाया चाललंय ते!" त्यांनी वाहतं पाणी बादलीत धरलं. नियमबुवा हसला, म्हणाला, "ताई, शास्त्र आहे." वीस बाटल्या भरल्या. आणि निघायच्या गडबडीत हा शहाणा मला ताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतच विसरून गेला.

पुढचं मला बहिणींनी नंतर सांगितलं. प्रयोगशाळेत काकांनी मोजलं. एकवीस नेल्या, वीस आल्या. नियमबुवानं वहीत लिहिलं, 'सतरा नंबर फुटली.' अहो, जाड प्लास्टिकची बाटली, मी फुटेन कशी? एवढा नियमांचा माणूस आणि माझ्या बाबतीत चक्क थाप मारली! ऐकलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला काय काय बोलले ते सांगायची सोय नाही.

चार दिवसांनी अहवाल आला. वीसच्या वीस बाटल्या स्वच्छ. पाणी पिण्यास योग्य. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यानं तो कागद इमारतीच्या जिन्यात चिकटवला आणि वर म्हणाला, "विद्यापीठानंच लिहून दिलंय. आता विषय संपला." शेजारणी ताईंना म्हणाल्या, "उगीच घाबरवलंस सगळ्यांना." डॉक्टर म्हणाले, "आता तरी पोरीच्या जेवणाकडे लक्ष द्या." ताई घरी आल्या. ओट्याला टेकून किती तरी वेळ उभ्या होत्या. बारकीचं पोट काही दुखायचं थांबलं नाही.

मी त्या खिडकीतून त्यांचं घर रोज पाहत होते. त्यांना मला कशालाही वापरता आलं असतं, पण त्या म्हणायच्या, "दुसऱ्याची वस्तू आहे, राहू दे." रोज पहाटे पाचला त्या उठत, कारण एकदा वरच्या मजल्यांवरचे नळ सुरू झाले की पाण्याचा जोर जाई. नळ उघडला की पहिलं पाणी पिण्याच्या भांड्यात. आणि त्यातला पहिला पेला बारकीला. "ताजं आहे, पी बाळा, पोटाला बरं वाटेल." बारकी डोळे चोळत तो पेला संपवायची. मित्रांनो, मी हे रोज पाहत होते आणि माझ्यासारख्या जन्मभर पाणी तपासणाऱ्या बाटलीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही!

आठव्या दिवशी पहाटे बारकी पोट धरून रडत उठली. ताईंनी तिला थोपटलं आणि मग एकदम म्हणाल्या, "बस्स झालं!" त्यांनी मला खिडकीतून काढलं, नळाखाली धरलं आणि नळ उघडला. पहिली धार सरळ माझ्या पोटात आली. गळ्यापर्यंत भरले, तशी झाकण घट्ट लावून मला पिशवीत घातलं, बारकीला शेजारी ठेवलं आणि त्या तडक विद्यापीठात आल्या.

नियमबुवा मला पाहून गोरामोरा झाला. 'फुटलेली' बाटली समोर धडधाकट उभी! पण लगेच सावरून म्हणाला, "ताई, हा नमुना चालणार नाही. नळ किती वेळ सोडला होता?"

"सोडला म्हणजे?"

"आधी तीन मिनिटं पाणी जाऊ द्यायचं असतं."

"तीन मिनिटं?" ताईंचा आवाज चढला. "तेवढ्यात माझं निम्मं पाणी भरून होतं! आम्ही काय आधी ओतून देतो आणि मग पितो? पहिलं येतं तेच पाणी पोरीला देते मी!"

आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी चष्मा काढला. "ताई, हे परत एकदा सांगा. हळू सांगा."

ताईंनी परत सांगितलं. मॅडम खुर्चीवर बसल्याच. "म्हणजे आपण वीस घरांत गेलो," त्या नियमबुवाला म्हणाल्या, "आणि ज्यातला थेंबही कुणी पीत नाही तेवढंच पाणी घेऊन आलो."

गोष्ट अशी होती, मित्रांनो. त्या जुन्या इमारतीच्या भिंतींत शिशाच्या नळ्या होत्या. नळ बंद असताना पाणी नळीत तासन् तास साचून राहतं आणि त्यात शिसं उतरतं. शिशाला वास नाही, रंग नाही. पहाटे नळ उघडला की ते विषारी पाणी आधी येतं आणि तीन मिनिटांत निघून जातं. टाकीतलं पाणी तपासायला आमचा नियम बरोबर होता. या घरांसाठी त्याच नियमानं विष मोरीत ओतून दिलं होतं.

माझ्यातलं पाणी यंत्रात गेलं. आकडा आला तेव्हा काकांनीसुद्धा हातातलं फडकं खाली ठेवलं. मर्यादेच्या अकरा पट शिसं!

ताई तिथेच खाली बसल्या. "म्हणजे मीच... माझ्या हातानं..."

मॅडम त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. "नाही ताई. तुम्हाला शंका आली आणि तुम्ही सांगायला आलात. आम्हीच तुम्हाला खोटं पाडलं."

नियमबुवाचे डोळे भरून आले होते. तो एवढंच म्हणाला, "ताई, चुकलो मी." मला वाटलं होतं, माझ्या जिभेला धार असती तर मी त्याला चांगला सोलून काढला असता. पण त्या क्षणी माझा राग कुठल्या कुठे गेला.

एका बाटलीवर कोण विश्वास ठेवणार? पुन्हा वीस घरांचे नमुने हवे होते, आणि ते आता घरच्या माणसांनीच भरायचे असं मॅडमनी ठरवलं. पुढारीपण कुणाकडे? शिवणवाल्या ताईंकडे! जिन्यावर बायकांची शाळा भरली. आदल्या संध्याकाळी शेवटचा नळ कधी बंद केला ते लिहा. पहाटे पहिली धार, एक थेंब न सांडता. झाकण लगेच. वेळ लिहा. नियमबुवा पायरीवर बसून सगळं वहीत उतरवून घेत होता. एका शेजारणीनं त्याला विचारलं, "का रे, आज घड्याळ नाही आणलंस?" सगळा जिना हसला आणि तोही हसला. निकाल आला. वीसपैकी सोळा घरांत शिसं.

आता खरी परीक्षा होती. कुलगुरूंनी मॅडमना बोलावलं. ते वाईट नव्हते, पण घाबरले होते. "नवा अहवाल द्या ना," ते म्हणाले, "पण जुना चुकला असं कशाला म्हणायचं? विद्यापीठाची अब्रू जाईल."

"सर, तो कागद त्या जिन्यात आहे तोवर रोजच जातेय," मॅडम म्हणाल्या. "ती परत आणायला मी तिथेच चाललेय."

आणि त्या गेल्या. मला हातात घेऊन गेल्या, म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. सगळी इमारत जिन्यावर जमली होती. मॅडमनी आपला जुना अहवाल भिंतीवरून सोलून काढला. नगरपालिकेचा अधिकारी म्हणाला, "अहो, तुम्हीच लेखी दिलं होतं!"

"हो. लेखी चूक होती आणि खाली सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "या ताईंचं म्हणणं खरं होतं. आमचं चुकलं. आता या नळ्या बदलेपर्यंत मी तुमच्या कचेरीत रोज येणार आहे."

 मग वरच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते, कठड्यावरून ओरडले, "शाब्बास! छापलेली चूक सगळ्यांसमोर कबूल करणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं!" आणि काय टाळ्या पडल्या म्हणता! ज्या शेजारणी ताईंना बोलल्या होत्या त्यांनीच त्यांना मिठी मारली. मॅडमनी मला ताईंच्या हातात दिलं आणि ताईंनी मला डोक्यावर उंच धरलं. माझ्या आयुष्यात एवढ्या उंचीवर मी कधी गेले नव्हते.

नळ्या बदलायला चार महिने लागले. तोवर पिण्याचं पाणी टँकरनं आलं, आणि मॅडम खरंच रोज कचेरीत गेल्या. तिथला शिपाई त्यांना पाहताच खुर्ची पुसायला लागायचा. बारकीवर आणि त्या तिघांवर उपचार सुरू झाले. दर तपासणीत रक्तातलं शिसं कमी होत गेलं. चौथ्या तपासणीचा कागद घेऊन मायलेकी प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा बारकीचे गाल भरले होते. तिनं टेबलावर चढून आम्हा सगळ्या बाटल्यांसमोर मुळाक्षरं म्हटली. 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत, एका दमात, कुठेही न अडता. काका तोंड फिरवून उगाचच एक कोरडी बाटली पुसत राहिले. नियमबुवा शिट्टी वाजवून मोकळा झाला. मॅडम नुसत्या हसत होत्या.

आता दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास शिवणवाल्या ताई घेतात. कुलगुरू स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसतात आणि पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, "या आमच्या ताई." मला काचेच्या कपाटात ठेवायची टूमही त्यांनीच काढली होती. मॅडम म्हणाल्या, "कपाटात कशाला? अजून किती तरी इमारती राहिल्यात." ऐकून बरं वाटलं हो!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या बाटल्या घासून-पुसून ठेवा, दिसेल ते आमच्यात भरू नका. आणि उद्या मोठे होऊन, हातात वही-पेन घेऊन कुणाच्या दारात काही तपासायला गेलात, तर नळाला हात लावायच्या आधी घरातल्या माणसाला विचारा, 'तुम्ही रोज हे कसं करता?' आणि मग उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसून ऐका.