बापाने पाठ का फिरवली?

तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं, आन् घाटात पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसलो तर हातांना काय काम द्यावं तेच कळंना. म्होरली दांडी धरली ती सोडलीच न्हाई. ड्रायव्हरच्या सीटवर माझी थोरली, तहरीम, बसली हुती.

कऱ्हाड-चिपळूण गाडी. कुंभार्ली घाट उतरायचा, आन् एकटीनं घाट काढायचा तिचा आजचा पहिला दिवस. बाईमाणूस घाटात टिकायची न्हाई अशी कुजबुज डेपोत हुतीच. आज एका प्रवाशानं जरी तक्रार केली तर पोरगी परत गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीवर गेली असती. मी रिटायर हून सात महिनं झालेलं. चिपळूणला बहिणीकडं जाऊन येतो, अशी थाप मारून निघालो हुतो. तहरीमला ती पटली नसणार.

धाकटी सबा माझ्याशेजारी. दहावीला हाय, बडबड लय. कोयनानगर मागं पडलं तशी तिनं पुस्तक काढलं.

"अब्बा, कवितेचं रसग्रहण लिहायचंय. सोमवारी तपासणार हायत."

"मला काय इचारतीस? म्होरं बघू दे."

"ऐका तर. लेक पहिल्यांदा एकटी शाळेला निघती. वाटंत ओढा हाय. बाप काठापर्यंत येतो. ती पहिल्या दगडावर पाय ठेवती आन् बाप पाठ फिरवतो. संपली कविता. आता प्रश्न हाय, बापाने पाठ का फिरवली?"

"पळपुटा हाय म्हणून," मी म्हणालो. माझा उजवा पाय खालचा पत्रा दाबत हुता. तिथं ब्रेक नसतो हे पायाला कोण सांगणार? "पोरगी पाण्यात आन् ह्यो तोंड फिरवून उभा. कसला बाप त्यो."

"असंच लिहू?"

"लिही."

तिनं खरंच पेन्सिलीनं लिहिलं.

वळण घेतलं आन् तहरीमनं गाडी थांबवली. म्होरं खडीचा डंपर बंद पडलेला, डोंगराच्या अंगाला आडवातिडवा. मोकळी जागा राहिली ती दरीच्या अंगाला, तीबी गाडीपुरतीच. तहरीमनं हँडब्रेक ओढला, खाली उतरली, रस्त्याची कड पायानं दाबून बघितली. कंडक्टर पृथ्वीराज तिच्या मागं.

गाडीत चुळबूळ सुरू झाली. बिराप्पा म्हणून मेंढरांचा एक व्यापारी, माझ्या ओळखीचा, मागनं उठून म्होरं आला.

"मौलाभाई, तुमी बसा की स्टेअरिंगवर आता. आवं, पोरीचं काम हाय का हे? गाडीत लेकरंबाळं हायत."

चारजणांनी माना हलवल्या. आन् खोटं कशाला सांगू, मी उठलो. मला ते स्टेअरिंग पाहिजे हुतं. असल्या जागंतनं मी डोळं झाकून गाड्या काढल्यात. एक पाऊल टाकलं आन् दारात तहरीम दिसली. सगळं ऐकलेलं. माझ्याकडं बघत राहिली. मी आता स्टेअरिंग हातात घेतलं, तर उद्या डेपोत कुणी तक्रार करायचीबी गरज नव्हती.

"मी तिकीट काढून बसलोय, बिराप्पा," मी म्हणालो. "गाडी तिची हाय."

आन् परत जागेवर बसलो.

"सगळ्यांनी उतरा," तहरीम म्हणाली. "चालत डंपरच्या पलीकडं जावा. गाडी मी रिकामी काढते."

लोकं कुरकुरत उतरली. घाटात अडचणीची जागा आली की एकजण बाहेर उभा राहून हातानं इशारं करतो, आन् ड्रायव्हर त्या हातावर चालतो. ते काम पृथ्वीराजचं. त्यो दरीच्या अंगाला, तिच्या आरशात दिसंल असा उभा राहिला. पण मला कुठं दम निघतोय? मीबी म्होरं जाऊन दोन्ही हात वर केलं. ये. सावकाश ये.

गाडी हलली. तहरीम माझ्या हाताकडं बघत हुती. आरशात न्हाई, पृथ्वीराजकडं न्हाई. ल्हान हुती तवा सायकलवरबी अशीच माझ्याकडं बघायची. चाक कडंला आलं. भीतीनं माझा हात थरथरला, जरा दरीकडं झुकला. तिनं तेवढंच चाक वळवलं.

पृथ्वीराजनं पत्र्यावर दणादण थापा मारल्या. गाडी थांबली. कडंची माती खाली सुटल्याचा आवाज मी ऐकला. पोरीनं माझ्यावर भरवसा टाकला आन् मी तिला दरीत घालत हुतो.

मी हात खाली घेतलं. तिनं कपाळाला आठ्या घालून बघितलं, की आता काय? मी वळलो आन् तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

लय अवघड काम हाय ते. नुसतं ऐकू येतं. इंजिन गुरगुरलं, पृथ्वीराज "मागं, मागं... आता सरळ घ्या" म्हणाला, खडी चिरडली. मी अल्लाचं नाव घेत डोंगरातल्या एका झुडपाकडं बघत राहिलो. सबानं माझा शर्ट मुठीत धरला हुता.

पाठीमागं हॉर्न वाजला. दोनदा. रस्त्यातनं बाजूला व्हा म्हणून.

गाडी आख्खीच्या आख्खी पलीकडं आली हुती. लोकं चढली. बिराप्पा मागं जाऊन बसला. तहरीमनं घाम पुसला, आरसा नीट केला आन् गिअर टाकला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बरं झालं, माझं डोळं भरलं हुतं.

दोन वळणं गेल्यावर सबानं हळूच इचारलं, "अब्बा, तुमी पाठ का फिरवली?"

"ती माझ्याकडं बघत हुती," मी म्हणालो. "माझी भीती तिच्या हातात जात हुती."

सबानं खोडरबर काढला. पळपुटा खोडलं आन् मान खाली घालून लिहीत राहिली.

"किती मार्कांचा प्रश्न हाय गं त्यो?"

"चार."

"चारच व्हय?" मी म्हणालो.