लिफ्टमध्ये न मावणारा रेडा

मी रेडा बोलतोय. शिंगांचा नव्हे, चाकांचा. कागदावर माझं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण मला काही लिहिता-वाचता येत नाही. जे कळलं ते उभ्या-उभ्या ऐकून कळलं. नायगावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, विनीतचा रेडा कुठला, तर ते माझ्याकडेच बोट दाखवतील.

जातीनं मी छोटी एसयूव्ही. म्हणजे धड मोटार नाही आणि धड जीपही नाही. मोटारीच्या अंगावर जीपचा अंगरखा चढवलेला. मोठी, आणि तीही छोटी, हे मला सुरुवातीला समजायचं नाही. आता समजतं. माणसांतही असतात तशी. छाती काढून चालतात, पण आतून साधीच असतात.

जन्माचं फारसं आठवत नाही. लोखंडी हात आठवतात, ठिणग्या आठवतात. मग एका काचेच्या दुकानात मला पुसून-पुसून उभं केलं. तिथं विनीत आणि श्रेया आले. नवराबायको. श्रेयाला बसकी, मागे मोठी डिकी असलेली गाडी हवी होती. गणपतीला गावी जाताना सामान किती होतं, ते तिला ठाऊक.

विनीत माझ्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "ही बघ. रस्त्यात उठून दिसते."

"दिसायला घेतोयस की बसायला?" श्रेयानं विचारलं.

मला घेतलं ते दिसायलाच. ते खरं आहे, आणि मला त्याचा राग नाही.

चाळीत आलो त्या दिवशी विनीतच्या आईनं, बकुळाबाईंनी, ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटलं, सगळे हसले. मग लक्षात आलं की मी गल्लीत आडवा उभा आहे आणि दोन्ही बाजूंच्या स्कूटर अडकल्यात. शेजारच्या खोलीतला शिवा कठड्यावरून ओरडला, "विन्या, तुझा रेडा हलव रे, मला ड्युटीला जायचंय." झालं. तेच नाव पडलं.

आता माझे गुण सांगण्याआधी अवगुण सांगतो. म्हाताऱ्या माणसानं तसंच करावं, म्हणजे पुढचं खरं वाटतं. आणि आमच्यात आठ वर्षं म्हणजे म्हातारपणच.

बाहेरून मी ऐसपैस दिसतो, पण मागच्या सीटवर तिघं बसले की मधला माणूस पनवेलपर्यंत भांडतो. डिकी उंचावर, म्हणून जड पिशवी आत टाकायची तर आधी छातीपर्यंत उचलायची. मागच्या कोपऱ्याचे खांब जाड, त्यामुळे मागे काय आहे ते विनीतला दिसत नाही. भायखळ्याच्या बाजारात मी एकदा कोबीच्या हातगाडीला पाठ लावली होती. शहरात सिग्नल-सिग्नल चालताना पेट्रोलही जरा जास्तच पितो. घाटात वळणावर अंग कलतं, मग श्रेया डोळे मिटून घेते.

आणि सगळ्यांत मोठा अवगुण म्हणजे माझं सोंग. मी डोंगर चढेनसा दिसतो, पण ओढतात माझी पुढची दोनच चाकं. हे विनीत विसरला. एका मे महिन्यात गावी त्यानं मला थेट समुद्रावर नेला. मुंबईची माणसं गावी गेली की गाडी वाळूत उतरवतातच, काय खाज असते कोण जाणे. चाकं गरगर फिरली, मी पोटापर्यंत रुतलो आणि लाटा जवळ यायला लागल्या. शेवटी गावातल्या जगदीशनं ट्रॅक्टर आणून ओढून काढला. दोर सोडताना तो एवढंच म्हणाला, "दिसता हत्तीसारखो, आनि रुतता म्हशीसारखो."

असा मी. पण माझ्यात एक गुण निघाला, जो दुकानात कुणी बघितलाही नव्हता.

बकुळाबाईंचे गुडघे चाळीचे जिने चढून-उतरून झिजलेले. त्यांना टॅक्सीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. आधी वाकायचं, मग धपकन खाली पडायचं, आणि उतरताना दोघांनी ओढायचं. म्हणून त्यांनी हळूहळू बाहेर जाणंच सोडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला कुठं जायचंय?"

माझी सीट बरोबर त्यांच्या कमरेला येते. पहिल्यांदा बसल्या तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. पलंगावर बसावं तशा. थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. विनीतनं विचारलं, "काय झालं, आई?"

"काय नाय. बसले."

तेव्हापासून त्यांना बाहेरची कामं आठवायला लागली. दादरला बहिणीकडे. परळला डोळे दाखवायला. गिरगावात कुणाच्या तरी बारशाला. पावसाळ्यात परळला पाणी भरलं तरी मी पोट उचलून हळूहळू निघून यायचो, तेव्हा मागे बसून त्या बसक्या गाड्यांकडे बघायच्या आणि चुकचुकायच्या.

पण त्यांचा खरा दिवस उन्हाळ्यातला, मसाल्याचा. लालबागला मिरची-मसाला कुटायचे डंख आहेत. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होतात, लाल धूळ उडते, माणसं नाकाला फडकी बांधून बसतात. बकुळाबाई बेडगी, संकेश्वरी, धणे सगळं घरी भाजून डब्यांत भरतात. फक्त आपलं नाही, चाळीतल्या कितीतरी घरांचं. ज्या बायका आता लांब राहायला गेल्या, त्याही मिरची पाठवतात. आणि मसाला कुटून होईपर्यंत बकुळाबाई डंखासमोरून हलत नाहीत. नजर हटली की आपल्या मसाल्यात दुसऱ्याची मिरची मिसळते, असं त्यांचं म्हणणं. घरच्यांनी सांगून बघितलं, आम्ही जाऊन आणतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही मोबाईल बघाल. मसाला कोण बघणार?"

एका वर्षी डंखावरून परतताना डबे मागच्या सीटवर ठेवले, एकाचं झाकण सैल राहिलं, आणि विनीतनं गाडी भर उन्हात काचा लावून उभी केली. संध्याकाळी एसी लावला तर सगळी मिरची जाळ्यांतून तोंडावर. मालवणी घराशिवाय हा पराक्रम कुणाला जमायचा नाही. मला कितीदा धुतलं, पुसलं, तरी आजही एसी पहिल्यांदा लावला की आत बसणारा शिंकतो.

मग पुनर्विकासात चाळ पाडली. दिवस पुढे गेले आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. सगळे जुने शेजारी त्यातच आले. बकुळाबाई बाविसाव्या मजल्यावर गेल्या. खिडकीतून समुद्राची रेघ दिसते म्हणे. मला कुणी वर नेलं नाही, मी ऐकीव सांगतोय.

गाड्यांसाठी तिथं लोखंडी कप्प्यांची लिफ्ट होती. गाडी पाटावर उभी करायची, बटण दाबायचं, की पाट पाळण्यासारखा वर जातो. गल्ली राहिली नव्हती आणि रस्त्यावर उभं केलं तर उचलून नेतात, त्यामुळे जागा ती एकच. सोडतीत विनीतला असाच एक कप्पा मिळाला. अंगणात भिंतीलगत मोजक्या उघड्या जागा होत्या, त्यातली एक शिवाला मिळाली.

पहिल्या दिवशी विनीत मला पाटाकडे घेऊन गेला. दारात आडवी दांडी टांगलेली, ती माझ्या टपाला टेकली. पहारेकरी म्हणाला, "साहेब, नाही जाणार. ही बसक्या गाड्यांची आहे."

विनीतनं टपावरच्या, सामान बांधायच्या दांड्या काढून टाकल्या. चाकांतली हवा थोडी सोडून बघितली. तरी चार बोटं कमी पडली. ज्या उंचीवर भाळून मला आणलं, तीच नडली.

"विकावी लागेल," विनीत श्रेयाला म्हणाला. "छोटी बसकी घेऊ."

"आणि आई?"

"बसेल. सवय होईल."

शिवाची गाडी बसकीच होती. विनीतनं आईला त्यात बसवून बघायचं ठरवलं. बकुळाबाई वाकल्या, टेकायला गेल्या आणि धपकन आत पडल्या. बसल्या तर खऱ्या, पण उतरता येईना. शिवानं एक हात धरला, विनीतनं दुसरा.

"काकी, जोर लावा."

"जोर असता तर तुझा हात धरला असता होय रे, मेल्या?"

सगळे हसले, त्याही हसल्या. पण उभ्या राहिल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग विनीतला म्हणाल्या, "विक तू. मला कुठं जायचंय?"

हे वाक्य मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. मला माझी काळजी नव्हती. गाडीला काय, कुणाचंही दार चालतं. पण बाविसाव्या मजल्यावर बसलेल्या बाईला हे वाक्य पुरलं, तर ती खाली येणारच नाही.

एका रविवारी सकाळी दादरहून वैदेही नावाची बाई गाडी बघायला आली. शाळेत शिकवणारी, नीटनेटकी. शिवाच्या जागेत मला तेवढ्यापुरता उभा केला होता. शिवा आपली गाडी पुसत होता, बकुळाबाई खुर्चीवर उन्हाला बसल्या होत्या. वैदेही आत बसली, विनीतनं एसी लावला आणि ती शिंकली. मग पुन्हा शिंकली.

"मसाला आहे," शिवा म्हणाला. "ताई, तो फुकट आहे, त्याचे पैसे नाहीत."

ती हसत खाली उतरली. गाडी तिला पसंत पडलेली दिसली. तिनं बकुळाबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं बसताय. खरं सांगा, कशी आहे?"

विनीतनं आईकडे बघितलं. चांगलं बोल, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

बकुळाबाई सावकाश बोलल्या. "मागे तीन माणसं बसवू नको, भांडणं होतात. वाळूत घालू नको, रुततो. सामान चढवताना कंबर जाते. रिव्हर्स घेताना उतरून मागे बघ, त्याला मागचं दिसत नाही."

"आई," विनीत म्हणाला.

"विचारलं म्हणून सांगते." त्या वैदेहीकडे वळल्या. "पण इतर गाड्यांत मी पडते, बाई. यात मी बसते. आणि उतरते ती माझी मी. कुणाला हाक मारावी लागत नाही."

वैदेहीनं विनीतकडे बघितलं. "मग तुम्ही का विकताय?"

विनीतनं लिफ्टकडे बोट दाखवलं, दांडीकडे, आणि हात खाली घेतला.

शिवानं फडकं पिळलं. ती उघडी जागा त्याला जिवापाड प्यारी होती, सगळ्यांना माहीत होतं. त्याची विमानतळावर पहाटेची ड्युटी. उघड्या जागेतून एका मिनिटात निघता येतं. लिफ्टपुढे रांग असते.

"विन्या," तो म्हणाला, "माझी गाडी जाते का रे त्या पाळण्यात?"

"जाईल. का?"

"मग का काय विचारतोस? तिकडे मी ठेवतो. रेडा इथं ठेव."

"अरे, पण तुझी पहाटेची..."

"लवकर उठेन. नाहीतरी बायको म्हणते, मी उशिरा उठतो." मग बकुळाबाईंकडे बघून म्हणाला, "काकी, यंदा आमची मिरची पण घेऊन जायची. आणि मला पुढच्या सीटवर बसवायचं."

"तुला डंखासमोर बसवीन," बकुळाबाई म्हणाल्या. "मोबाईल घरी ठेवून ये."

वैदेहीनं पर्स खांद्याला लावली. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण ती जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवून गेली. विनीतला म्हणाली, "माझ्या सासूबाईंना आणून बसवून बघायला हवं होतं मी. आता दुसरीकडे बघताना त्यांनाच आधी नेते."

सोसायटीच्या चिंतामणीरावांनी थोडी कुरकुर केली, सोडतीत मिळालेली जागा अशी बदलतात का म्हणून. मग दोघांच्या सह्या घेतल्या आणि कुरकुर थांबवली.

आता मी भिंतीलगत उघड्यावर असतो. ऊन लागतं, टपाचा रंग उडत चाललाय, कावळे आपलं काम करून जातात. कप्प्यात सावली असते, तिथं मी जास्त टिकलो असतो. पण नुसतं टिकून काय करायचं? बकुळाबाई लिफ्टनं खाली येतात, काठी टेकत माझ्यापर्यंत चालतात, पाठ करून टेकतात. मी हलत नाही. तेवढं मला जमतं. परवा त्यांनी विनीतला नव्या ठिकाणाचं नाव सांगितलं, मच्छीमार नगरला कुणी मैत्रीण आहे म्हणे, तिच्याकडे सुकी मासळी बघायला जायचंय. विनीत म्हणाला, वास राहील. त्या म्हणाल्या, राहू दे, मिरचीला सोबत.

माझी अजून काही वर्षं जातील अशी. मग कधीतरी मी मोडीत निघेन, आणि ते ठीकच आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग बघा, किंमत बघा, उंची-लांबीही बघा, आपल्या इमारतीत मावते का तेही विचारा. माझ्यासारखा प्रत्येकाला शिवा भेटेलच असं नाही. पण घरातला सगळ्यांत दुखरा गुडघा सोबत न्या. विकणारा घाई करेल, करू दे. ज्यांचा तो गुडघा, त्यांना सावकाश बसू द्या, आणि मग कुणी हात न देता उतरू द्या. उतरताना त्यांनी आधाराला काही शोधलं नाही, तर ती गाडी घ्या.