पालकाचं खातं

"आई, तुजी जन्मतारीख सांग की लवकर!"

"काहून गं? कम्प्युटर माजं दुसरं लगीन लावायलाय का काय?" फोनवर आई खदखदून हसली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले म्हनं मी. साल कुनाला ठाव!"

एरवी पंकजा हसून लोळली असती. आज तिने घाईने फोन ठेवला. तिने आईचं साल अंदाजानेच ठोकून दिलं. करणार काय? अर्पिताच्या गेमवर लगाम घालायचा तर वर पालकाचं खातं हवं, आणि सोळा वर्षांच्या पंकजाला कम्प्युटर पालक मानायला तयार नव्हता. आई-अण्णा तर दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेले. ताडकळसच्या घरात दहावीतली पंकजा आणि पाचवीतली अर्पिता, दोघी बहिणीच.

झालं असं, की मघाशी अर्पिता कम्प्युटरवर गेम खेळत होती. त्यातच तिची पिंकी नावाच्या मैत्रिणीशी गप्पाटप्पा चालायच्या. पंकजाने सहज डोकावलं, तर पिंकीने विचारलं होतं, 'आईबाबा कधी येणार? रात्री दाराला आतून कडी लावता का?'

"ती बी पाचवीतच हाय," अर्पिता फणकारली. "उगं लय शानी बनू नको!"

"पाचवीतली पोरगी कडीचं कशाला इचारंल गं?"

आता आईच्या नावाचं खातं उघडताच पंकजाने भराभर सगळं बंद केलं. अनोळखी माणसं बंद, गप्पा बंद, गेमला कुलूप. शेवटचं बटण दाबून तिने ऐटीत मान उडवली. आता ये म्हणावं, कोण येतंय ते!

"मंग आता पिंकीला आपल्या घराचा फोटो परत दावता यायचा न्हाई?" अर्पिताने ओठ काढला.

"परत?"

अर्पिताने आधीच पाठवलेल्या फोटोत त्यांचं नवं घरकुल होतं. घरकुलाच्या भिंतीवर सरकारी नियमाप्रमाणे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, तसं अण्णांचं नाव, खाली गाव, तालुका. आणि त्याखाली दात काढून उभी अर्पिता.

पंकजा धावली आणि तिने भरदुपारी दाराला कडी घातली. बाहेर एक मोटारसायकल थांबल्यासारखी झाली, मग पुढे गेली. आईला सांगावं तर ती दोघींना उसाच्या फडावर घेऊन जाणार, आणि दहावी संपली. न सांगावं तर ही एवढीशी कडी.

तिने फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

या वेळी आई हसली नाही. "आत्ताच्या आत्ता शेजारच्या कस्तुरामावशीला हाक मार. तिला संगं घे आन् पोलीस पाटलाकडं जा. त्या मेल्याचं लिहिलेलं काई पुसू नको. त्यायला दाव. मी निघायलेय."

"आमाला न्हेनार का तिकडं?"

"न्हाई. मीच ऱ्हाते तुमच्यापाशी. पेपर होऊ दे तुजे."

"आन् अण्णा?"

"माजं गाठोडं बांधा गं कुनी," आई तिकडे कुणाला तरी म्हणाली. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयताच म्हणतात आणि मजुरीही अर्धीच देतात, हे पंकजाला लहानपणापासून ठाऊक होतं.

फोन बंद करायचं आईच्या ध्यानात राहिलं नसावं. पंकजा तो कानाला लावून उभी राहिली. कुणी तरी आईचं गाठोडं बांधत होतं. मग अगदी जवळून ऊस तोडल्याचा आवाज यायला लागला. एकच कोयता, थांबून थांबून.