उठणारा कडा

सुट्टीच्या सकाळी धबधब्यासमोर ऐंशी-नव्वद माणसं बसावीत, कुणी आरडाओरडा करू नये, कुणी फोटो काढू नये, हाच मला त्या दिवसाचा पहिला चमत्कार वाटला. शहरापासून दोन तासांवरचा हा डोंगर. एरवी रविवारी इथं इतका कल्ला असतो की धबधबा आहे हे आधी पाटीवरून कळतं. त्या दिवशी मात्र सगळे ओल्या कातळावर मांडी घालून, पडणाऱ्या पाण्यातल्या एकाच जागेवर नजर रोखून बसले होते. पापणी शक्यतो लववायची नाही, असा हुकूम होता.

हुकूम देणारा समोरच्या दगडावर उभा होता. तीन वर्षांपूर्वी हा साधा गाईड होता. दोर बांधून लोकांना कडा चढवायचा, घसरलेल्याला हात द्यायचा. कामाचा माणूस. मग दोन पावसाळ्यांत गाईडचा गुरू झाला. निळं विंडचीटर आणि चिखलाचे बूट तेच राहिले, फक्त आवाज खाली आला आणि वाक्यं लांबली. आता त्याच्या सहलीत जागा मिळायला नवख्यांना दोन महिने थांबावं लागतं आणि लोक त्याला अहोजाहो करतात.

"पाणी खाली का येतं?" तो विचारत होता. "कारण ते नम्र आहे. तुम्हीही नम्र होऊन पाहा. साठ श्वास पाहा. ज्याचं दुखणं पाणी उचलून नेईल, त्याच्यासाठी कडा उठेल."

साठ श्वास झाले. त्याने उजवीकडच्या कातळाकडे हात केला आणि तिकडे बघायला सांगितलं.

कडा उठला. माणसांच्या तोंडून एकदमच श्वास बाहेर पडला. माझ्या पुढची बाई रडायला लागली, एका पोक्त गृहस्थांनी टोपी काढून हात जोडले. शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने माझं मनगट घट्ट धरलं. "दिसलं ना, छोटे?" ती म्हणाली. "आता तरी दिसलं ना?"

दिसलं होतं, तीच तर पंचाईत होती. चार मजली उंच, काळा, शेवाळलेला कातळ माझ्या डोळ्यांदेखत वर सरकत होता. मी काही हे बघून हरखायला आले नव्हते. मी चोर पकडायला आले होते.

ताईला काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. डाव्या डोळ्याची कड तिने आधीच गमावली होती. राहिलेली टिकावी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घालायचा, जन्मभर. नऊ वर्षं तिने तो नेमाने घातला. मग भावोजींना ट्रेकिंगचं वेड लागलं, दोघं दर पंधरवड्याला डोंगरावर जाऊ लागली, ताईचा रंग सुधारला, चाल सुधारली. मला बरंच वाटलं होतं. आणि मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले असताना फ्रिजच्या दारात औषधाची बाटली दिसली नाही. विचारलं, तर म्हणाली, ती पाण्याला दिली. सहा महिने झाले.

गुरूने तिला जे सांगितलं होतं ते तिने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "काचबिंदू म्हणजे काय? बिंदू. बिंदू म्हणजे थेंब. थेंबाला धबधब्यापेक्षा मोठा डॉक्टर कोण?" उचलली जीभ लावली टाळ्याला! या हिशोबाने परसाकडेला झालं तर परसात जाऊन झोपावं. मी भावोजींकडे पाहिलं. ते कपाळावर आठ्या पाडून वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे त्यांना पटत नव्हतं आणि बोलायची हिंमतही नव्हती.

म्हणून ताईच्या ओळखीवर जागा मिळवून मी या सहलीला आले. मी कापडगिरणीत माल तपासते. एकोणीस वर्षं झाली, संशय घेण्याचाच पगार घेते. गुरूने वाटलेला काढा मी प्यायले नाही, त्यात काहीतरी असणार अशी मला खात्री होती. पाण्याची बाटली घरून आणली होती. तो बोलायला लागायच्या आधी कड्याला हात लावून आले, मागे जाऊन दोर, आरसे, पडदे शोधले. शेवाळ आणि केळ्यांच्या साली यांखेरीज काही मिळालं नाही. आणि तरीही कडा उठला. काढा न पिता, पूर्ण शुद्धीत, मलाही उठताना दिसला. खरं सांगते, क्षणभर माझी पाचावर धारण बसली.

मग एक गोष्ट खटकली. कड्याच्या फटीत एक झुडूप होतं. कडा वर चालला होता, झुडूपही वर चाललं होतं, पण दोन्ही होती तिथंच होती. सरकतंय आणि पोचत कुठंच नाही. हे मी कुठंतरी पाहिलं होतं. आणि डोक्याच्या आधी हाताने ओळखलं. माझा उजवा हात आपोआप डोळ्यांसमोर आला, तळहात माझ्याकडे करून. तळहातही वर चालला होता. रेषा, अंगठी, सगळंच.

आमच्या खात्यात याला 'भिंत चढली' म्हणतात. उजेडाच्या काचेवरून कापड वरून खाली सरकत असतं आणि आम्ही त्यावर नजर लावून गाठी, भोकं, डाग शोधत असतो. बराच वेळ बघून मान वर केली की समोरची भिंत छताकडे चढायला लागते. नवीन बाई पहिल्या दिवशी घाबरून किंचाळते. जुन्या बाया तिला शिकवतात, तळहाताकडे बघ. तळहातही चढत असेल तर भिंत ठीक आहे, तुझे डोळे थकलेत, उठून दोन मिनिटं फिरून ये. "माझी भिंत चढली" म्हटलं की मुकादमसुद्धा अडवत नाही. एकोणीस वर्षांत हजारो वेळा पाहिलेली गोष्ट डोंगरावर दिसली तर मला ओळखू आली नाही. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, पुन्हा एकदा साठ श्वास करू, पण या वेळी कड्याऐवजी आपापल्या तळहाताकडे बघा. लोक कुजबुजले. काहींनी केलं. एका मुलीने मात्र तळहाताऐवजी शेजारी पडलेल्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाकडे पाहिलं आणि सांगितलं की पाकीटही वर चाललंय. दोघंतिघं हसले. मला वाटलं, जिंकलं.

गुरूही हसला, अगदी प्रेमाने. "पाणी कुणात भेद करत नाही," तो म्हणाला. "तळहात, पाकीट, कडा, सगळं त्याच शक्तीने उठतं. या भगिनींनी आज तुम्हाला अजून मोठा चमत्कार दाखवला." आणि लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते ऐकलं होतं, या घड्याने तर माझ्याच पाण्याने आंघोळ केली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ताई शेवटी एवढंच म्हणाली की मी तिला चारचौघांत मान खाली घालायला लावली. मला राग आला होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती. ती खिडकीशी बसली होती, मी तिच्या डावीकडे. मी पुढे केलेला पेरू तिला दिसलाच नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिने अख्खी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाची परवानगी काढून तिला गिरणीत नेलं. वाद नको म्हणून सांगितलं, माझं काम कसं चालतं ते बघ. तिला माझ्या स्टुलावर बसवलं. पांढरं कापड वरून खाली सुटलं. दीड मिनिटाने मी तिला समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावर तोच डोंगरावरचा भाव आला. "म्हणजे त्यांची शक्ती इथंही आहे," ती हळूच म्हणाली.

मी मशीन चालवणाऱ्याला खूण केली. एखादा डाग निसटला तर पुन्हा बघता यावा म्हणून आमचं मशीन उलटंही चालतं. आता कापड खालून वर जायला लागलं. तेवढाच वेळ ताईने ते पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं.

भिंत खाली येत होती. ताई स्टुलावरून अर्धी उठली. तिने पुन्हा उलटं चालवायला सांगितलं, मग सुलटं, मग पुन्हा उलटं. पाच वेळा. मशीनवाला बिचारा न कंटाळता बटणं दाबत होता. पाचव्यांदा तिने पदराने डोळे पुसले. "कडा उठला म्हणून दुखणं गेलं," ती म्हणाली, "तर भिंत खाली आली म्हणून परत आलं का? आणि हा बटण दाबणारा कोण मग?"

मशीनवाला दचकून म्हणाला, "मी काही केलं नाही हो ताई."

त्याच आठवड्यात आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि पुन्हा एकदा मोजून पाहिला. कड्याचं विचारलं, तर त्यांनी सोप्या शब्दांत उलगडून सांगितलं. आपल्या मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या आणि वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. दोघींची सतत रस्सीखेच चालू असते. एकाच बाजूला मिनिटभर राबवून दमवलं की नजर हटताच दुसरी बाजू जिंकते, म्हणून स्थिर वस्तू उलट सरकताना दिसते. सगळ्यांना दिसते, निरोग्यालाही आणि आजाऱ्यालाही. मग त्यांनी ताईला नजरेचा नकाशा दाखवला. डाव्या डोळ्याचा अर्धा कागद काळा झाला होता. सहा महिन्यांपूर्वी एवढा नव्हता. काळं झालेलं परत पांढरं होत नाही, त्या म्हणाल्या. उरलेलं जपता येईल.

ताई तिथं रडली नाही. त्या संध्याकाळी तिने डोळ्यांत थेंब घातला, घड्याळ पाहिलं आणि भावोजींना सांगितलं की येत्या रविवारी आपल्याला जायचंय.

आम्ही तिघंही गेलो. तीच गर्दी, तीच शांतता. गुरूने सांगितलं की ज्यांनी आज औषध पाण्याला द्यायचं ठरवलंय त्यांनी ते मुठीत धरावं. दहा-बारा मुठी मिटल्या. कुणाच्या मुठीत रक्तदाबाची गोळी असेल, कुणाच्या साखरेची. साठ श्वासांची मोजणी सुरू व्हायच्या आत ताई उठली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. एरवी ती सोसायटीच्या सभेतसुद्धा बोलत नाही.

"कडा मलाही उठताना दिसला," ती म्हणाली. "अकरा वेळा दिसला. तुम्हालाही दिसेल, कारण डोळ्यांची खोडच तशी आहे, पाण्याने काही केलं म्हणून नाही. नळाखाली दिसेल, गिरणीत दिसेल. असं का दिसतं, हे मला विचारावंसंच वाटलं नाही. मी औषध टाकलं."

गुरू दगडावरून उतरून तिच्या डावीकडे येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर. त्याने समजुतीच्या सुरात हाक मारली, "माउली..."

ताई दचकली. ती उजवीकडे वळली, मग मागे, मग पूर्ण गिरकी घेऊन तिने त्याला शोधलं. नव्वद माणसं बघत होती. हातभर अंतरावरचा माणूस तिला दिसला नव्हता.

"हे बघा," ती लोकांना म्हणाली. "मी बरी झालेली बाई आहे. यांनीच बरी केलेली. आणि हे इथं उभे आहेत ते मला दिसत नाही. तुम्ही असं करू नका. जे दिसलं ते खरंच आहे का, हे दुसरीकडे जाऊन तपासा. जो म्हणतो औषध टाक, त्याला विचारा, उद्या काही झालं तर तू कुठं असशील? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातलं औषध टाकू नका, एवढं तरी ऐका."

गुरूने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पहिल्या रांगेतली, मागच्या खेपेला रडलेली बाई तोवर उठली होती. तिने मूठ उघडून आतल्या दोन गोळ्या पाहिल्या आणि त्या गिळायला भावोजींकडे पाणी मागितलं.